गॅस गिझर आणि बंद बाथरूम: वास न येणारा वायू जीव कसा घेतो? तो टाळायचा कसा?

हिवाळ्यातली सकाळ. घरातले दोघं-तिघं एकापाठोपाठ एक आंघोळ उरकतात. शेवटी कुणीतरी आत जातं, आतून कडी लावतं. थंडी आत येऊ नये म्हणून खिडकी आधीच बंद केलेली असते. दहा मिनिटं होतात, पंधरा होतात. पाण्याचा आवाज येत राहतो, पण हाक मारली तर उत्तर येत नाही. शेवटी दार तोडावं लागतं.

महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत अशा बातम्या वाचायला मिळतात. होळी-धुळवडीलाही हा धोका वाढतो, कारण रंग काढायला लोक नेहमीपेक्षा जास्त वेळ आंघोळ करतात. अशा वेळी घरच्यांना आधी वाटतं की शॉक लागला असेल, पाय घसरला असेल, हार्ट अटॅक आला असेल किंवा फिट आली असेल. खरं कारण अनेकदा भिंतीवर टांगलेलं असतं: गॅस गिझर.

गॅस गिझर स्वस्त पडतो, पाणी लगेच गरम करतो आणि वीज गेली तरी चालतो. म्हणूनच तो लाखो घरांत आहे. तो वापरूच नये असं नाही. पण तो नेमकं काय करतो आणि कुठे घात करतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

गॅस गिझर चालतो कसा?

विजेच्या गिझरमध्ये टाकी असते आणि आतली कॉइल पाणी तापवते. तिथे काही जळत नाही. गॅस गिझरमध्ये मात्र खरीखुरी ज्योत असते. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला व्हॉल्व्ह उघडतो, सेलवर ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. बर्नरच्या वर तांब्याच्या पातळ पत्र्यांमधून नळी फिरवलेली असते. तिच्यातून जाता जाता पाणी तापतं. नळ बंद केला की बर्नर विझतो.

म्हणजे बाथरूममध्ये गॅस गिझर लावणं हे बाथरूममध्ये गॅसची शेगडी पेटवण्यासारखंच आहे. फरक एवढाच की ही शेगडी मोठी असते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणाऱ्या गिझरचा बर्नर स्वयंपाकाच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरपेक्षा कितीतरी जास्त गॅस जाळतो. स्वयंपाकघरात खिडकी उघडी असते, दार उघडं असतं, माणसं ये-जा करत असतात. बाथरूममध्ये आपण सगळं बंद करून बसतो.

मग विषारी वायू येतो कुठून?

सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. पाइपने येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. या वायूंना पुरेसा ऑक्सिजन मिळाला, तर जळून दोनच मुख्य गोष्टी तयार होतात: कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ.

ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही, खोकला आणत नाही. त्यामुळे आपण तो श्वासात घेतोय हे माणसाला कळतच नाही.

इथे एक मोठा गैरसमज आहे. ‘गॅस लीक झाला असता तर वास आला असता,’ असं अनेकांना वाटतं. एलपीजीला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या रसायनाचा असतो. गळती झाली की तो वास आपल्याला सावध करतो. पण गॅस जळाला की ते रसायनही जळून जातं. कार्बन मोनॉक्साइड हा गळतीतून नाही, तर जळण्यातून तयार होतो. त्यामुळे गिझरमध्ये काहीही लीक नसताना, वास येत नसताना आणि गिझर अगदी नवा असतानाही जीव जाऊ शकतो.

बंद बाथरूममधली हवा किती वेळ पुरते?

एक साधा हिशोब करून पाहू.

समजा बाथरूम ४ फूट रुंद, ७ फूट लांब आणि ८ फूट उंच आहे. फ्लॅटमध्ये हा आकार नेहमीचा. अशा खोलीत साधारण सव्वासहा घनमीटर हवा मावते.

मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर मिनिटाला जवळपास १६ ग्रॅम गॅस जळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे दहा मिनिटं गिझर चालला, तर त्याला सुमारे दोन घनमीटर हवा हवी. खोलीतल्या एकूण हवेचा हा तिसरा हिस्सा झाला.

पण सगळी हवा संपेपर्यंत थांबावं लागत नाही. हवेत एरवी २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्वलन बिघडू लागतं आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण झपाट्याने वाढतं. खोली पूर्ण बंद असेल, तर हा टप्पा चार-पाच मिनिटांतच येऊ शकतो. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, त्यामुळे वेळ मागेपुढे होतो. तरी अंदाज येण्यासाठी हा हिशोब पुरेसा आहे. शॉवरखाली निवांत दहा-पंधरा मिनिटं घालवायला ही जागा बनलेलीच नाही.

‘आधीच्याला काही झालं नाही’ हे कारण का चालत नाही?

पहिल्या माणसाने आंघोळ केली तेव्हा खोलीत ताजी हवा होती. तो बाहेर आला, दुसरा लगेच आत गेला, दार पुन्हा बंद झालं. अर्धवट वापरलेली हवा तिथेच राहिली. तिसऱ्याच्या वाट्याला सगळ्यांत वाईट हवा येते. सकाळच्या गडबडीत रांगेने आंघोळी होतात, तेव्हा धोका असा साठत जातो.

थंडीत दोन गोष्टी आणखी भर घालतात. नळाचं पाणी जास्त गार असल्यामुळे गिझर मोठ्या ज्योतीवर आणि जास्त वेळ चालतो. त्यात खिडकीच्या लुव्हर्सना लोक प्लास्टिक किंवा पुठ्ठा लावतात. उन्हाळ्यात जो गिझर निर्धोक वाटला, तोच जानेवारीत घातक ठरतो.

शरीरात नेमकं काय होतं?

रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसांतून ऑक्सिजन उचलतं आणि शरीरभर पोहोचवतं. कार्बन मोनॉक्साइड याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एकदा त्याने जागा अडवली की ऑक्सिजनला जागा उरत नाही. माणूस श्वास घेत असतो, पण मेंदू आणि हृदय उपाशी राहतात.

सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळून जातात. नंतर गोंधळल्यासारखं होतं आणि इथेच खरा घात होतो. ‘दार उघडून बाहेर जायला हवं’ हे सुचेपर्यंत पायांत बळ उरत नाही. हवेच्या दहा लाख भागांत १,६०० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल, तर वीसेक मिनिटांत डोकेदुखी आणि चक्कर सुरू होते आणि एक-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. प्रमाण १२,८०० भागांवर गेलं, तर काही श्वासांतच शुद्ध हरपते.

लहान मुलं, गरोदर स्त्रिया, पोटातलं बाळ, हृदयविकार किंवा रक्तक्षय असलेली माणसं यांना धोका जास्त असतो.

जे वाचतात त्यांचीही सुटका लगेच होते असं नाही. काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणं, स्वभावात बदल असा त्रास होतो. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने अशा रुग्णांची नोंद केली आहे. बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्या काही रुग्णांना फिट आली असं समजलं जातं. मग तपासण्या होतात, फिटच्या गोळ्या सुरू होतात आणि घरी गेल्यावर रुग्ण पुन्हा त्याच बाथरूममध्ये आंघोळीला जातो.

ऑटो कट-ऑफ आहे, एक्झॉस्ट फॅन आहे. मग भीती कशाची?

बाजारातल्या अनेक गिझरना २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. पण हा फक्त टायमर आहे. तो हवेतला वायू मोजत नाही. शिवाय नळ बंद करून पुन्हा सोडला की मोजणी नव्याने सुरू होते. ज्योत विझली तर गॅस बंद करणारी सोयही असते. ती गळतीपासून वाचवते, कार्बन मोनॉक्साइडपासून नाही. ऑक्सिजन कमी झाला की बंद पडणारा सेन्सर काही मॉडेलमध्ये असतो. नवा गिझर घेताना तो आहे का, हे आवर्जून विचारावं.

एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो. पण तेवढीच ताजी हवा आत यायला वाट हवी. दार-खिडकी बंद असेल, तर फॅन नुसताच धडपडतो. गिझरला धूर बाहेर नेणारा पाइप असेल, तर बंद खोलीतला फॅन त्या पाइपमधलीच वापरलेली हवा उलटी आत ओढू शकतो. म्हणून फॅनसोबत खाली हवा येण्याची जागा असणं गरजेचं आहे.

मुंबई-पुण्याच्या इमारतींत आणखी एक अडचण असते. बाथरूमची खिडकी अनेकदा मोकळ्या हवेत न उघडता डक्टमध्ये उघडते. डक्ट अरुंद असेल, वरून पत्र्याने झाकलेली असेल, तर तिथली हवा हलत नाही. अशा खिडकीला ‘उघडी खिडकी’ म्हणून भरवसा ठेवता येत नाही.

गिझर कुठे बसवावा?

याचं उत्तर एका वाक्यात आहे: गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्या.

ड्राय बाल्कनी किंवा उघडी गॅलरी ही त्यासाठी चांगली जागा. पाइप लांब असल्यामुळे सुरुवातीला थोडं गार पाणी येतं. ते बादलीत घेऊन धुण्या-पुसण्याला वापरता येतं. मात्र ड्राय बाल्कनीला स्लायडिंगच्या काचा लावून ती पूर्ण बंद केली असेल, तर तीही बंद खोलीच झाली. गिझर चालू असताना तिथली काच उघडी हवी. तिथून घरात येणारं दारही बंद ठेवावं.

गिझर घेताना आणि बसवताना या गोष्टी पाहाव्यात:

• आयएसआय चिन्ह आहे का. एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या घरगुती गिझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे.
• गिझर एलपीजीचा आहे की पीएनजीचा. दोन्हींचे जेट वेगळे असतात. सिलिंडरचा गिझर तसाच पाइप गॅसला जोडू नये.
• बसवण्याचं काम कंपनीच्या किंवा गॅस एजन्सीच्या प्रशिक्षित मेकॅनिककडून करून घ्यावं. ओळखीच्या प्लंबरकडून नळी जोडून घेणं पुरेसं नाही.
• तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी वापरावी. ती पाच वर्षांनी बदलायची असते. तारीख नळीवरच छापलेली असते.
• सिलिंडर उभा ठेवावा आणि बंद कपाटात कोंडू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो.

गिझर बाथरूममध्येच असेल तर?

भाड्याच्या घरात, हॉस्टेलवर किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांना गिझरची जागा लगेच बदलता येत नाही. त्यांच्यासाठी जुनी बादलीची पद्धत सगळ्यांत उपयोगी आहे.

दार आणि खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्या. भरली की गिझर बंद करा, गॅसचा कॉकही बंद करा. दोन-चार मिनिटं हवा खेळू द्या. मग दार लावून आंघोळ करा. गिझर चालू असताना बंद दाराआड माणूस नसेल, तर विषबाधेचा मुख्य मार्गच बंद होतो.

यासोबत काही सवयी घरात लावून घ्याव्यात:

• चालू गिझरखाली शॉवर घेऊ नये, विशेषतः केस धुताना किंवा रंग काढताना.
• दोन आंघोळींमध्ये दार-खिडकी उघडून हवा बदलू द्यावी.
• लुव्हर्सच्या काचा आणि व्हेंटिलेटर कधीही झाकू नयेत.
• लहान मुलांना आणि वृद्धांना आतून कडी लावू देऊ नये.
• आंघोळीला गेलेल्या माणसाला पाच-सात मिनिटांनी हाक मारावी. उत्तर आलं नाही, तर वाट पाहू नये.
• आंघोळ करताना डोकं दुखलं किंवा गरगरलं, तर ‘उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून’ असं समजून सोडून देऊ नये. लगेच नळ बंद करून बाहेर यावं.

घरमालकाशी बोलताना नुसतं ‘गिझर बदला’ म्हणण्यापेक्षा गिझर बाहेर घेण्याचा किंवा विजेचा गिझर लावण्याचा पर्याय लेखी मागावा.

देखभाल कशी करायची?

वर्षातून एकदा, शक्यतो थंडी सुरू होण्याआधी, सर्व्हिसिंग करून घ्यावं. बर्नरमध्ये धूळ आणि जाळी बसते, तांब्याच्या पत्र्यांमध्ये काजळी साचते आणि क्षारयुक्त पाण्याने नळी चोंदते. हवेचा मार्ग अडला की खोलीत हवा भरपूर असूनही ज्वलन अर्धवट राहतं.

ज्योत निळी असावी. ती पिवळी-नारिंगी दिसत असेल, गिझरच्या वर भिंत काळी पडली असेल किंवा पेटताना ‘भप्प’ असा आवाज येत असेल, तर मेकॅनिकने पाहेपर्यंत गिझर वापरू नये. पण निळी ज्योत म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. ऑक्सिजन कमी झालेल्या खोलीत निळ्या ज्योतीतूनही विषारी वायू निघू शकतो.

कार्बन मोनॉक्साइड अलार्म मिळतो. तो बाथरूमच्या आत वाफेत न लावता जवळच्या पॅसेजमध्ये किंवा झोपायच्या खोलीत लावावा आणि त्यावरची मुदत तपासावी. एलपीजी गळती ओळखणारा अलार्म वेगळा असतो. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

कुणी आत बेशुद्ध पडलं तर काय करायचं?

१. दार उघडा, उघडत नसेल तर तोडा. आत जाण्याआधी बाहेर मोठा श्वास घ्या, आत श्वास रोखून धरा. वाचवायला गेलेलाही तिथेच कोसळू शकतो.

२. नळ बंद करा, म्हणजे बर्नर विझेल. जमलं तर खिडकी उघडा. पण आधी त्या व्यक्तीला ओढून मोकळ्या हवेत आणा. कपडे, टॉवेल, संकोच हे सगळं नंतर.

३. १०८ किंवा ११२ वर फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर सीपीआर सुरू करा.

४. तोंडात पाणी घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

५. डॉक्टरांना सगळ्यांत आधी सांगा, ‘बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता.’ या एका वाक्याने उपचारांची दिशा बदलते. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडलाही ऑक्सिजनच समजतो आणि आकडा नॉर्मल दाखवू शकतो. खरं प्रमाण रक्ताच्या तपासणीतून कळतं.

साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर हा वेळ तासा-दीड तासावर येतो. म्हणून ‘आता शुद्धीवर आलाय, घरीच आराम करू दे’ असं म्हणणं चुकीचं आहे. त्याच बाथरूममध्ये आधी आंघोळ केलेल्यांचं डोकं दुखत असेल, तर त्यांनाही दवाखान्यात न्यावं.

गॅसचा वास येत असेल तर प्रकार वेगळा आहे. तेव्हा विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दार-खिडक्या उघडा, बाहेर या आणि एलपीजीच्या १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

फक्त गिझरच नाही

जिथे ज्योत किंवा निखारा आहे आणि हवा कोंडलेली आहे, तिथे हा वायू तयार होतो. बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी ठेवलेली कोळशाची शेगडी, थंडीत बंद खोलीत नेलेली निखाऱ्यांची घमेली, न्हाणीघरात आत आणलेला बंब, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी या सगळ्यांचा धोका एकच आहे. निखारे विझत आले म्हणून ते निर्धोक होत नाहीत. धूर दिसेनासा झाल्यावरही त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो.

अमेरिका-कॅनडात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना हाच प्रश्न फर्नेसच्या रूपात भेटतो. तिथे घर गरम ठेवणारी गॅस भट्टी तळघरात असते आणि तिचा धूर पाइपने बाहेर जातो. तिची दरवर्षी तपासणी करणं, फिल्टर वेळेवर बदलणं, बाहेरच्या पाइपचं तोंड बर्फाने बुजू न देणं आणि झोपायच्या खोल्यांजवळ चालू अलार्म असणं, ही तिथली पथ्यं. हिवाळ्यात मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनाही अलार्मचा आवाज कसा असतो आणि तो वाजला तर लगेच घराबाहेर पडायचं, हे सांगून ठेवावं.

हा अपघात टाळायला मोठा खर्च लागत नाही. आज घरी गेल्यावर तीन गोष्टी पाहा: गिझर कुठे आहे, बाथरूममध्ये हवा येण्याची वाट कुठे आहे आणि शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं होतं. यांपैकी एकाचंही उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर उद्याची आंघोळ बादली भरून, गिझर बंद करून करा.